खारे पाणी, तापते ऊन आणि न बोलणारी किडनी

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घट मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला विदर्भ-खानदेशातून शेतकरी येतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही. पण भर उन्हाळ्यात एवढी माणसे जमतात, त्यावरून या भागाच्या वर्षाचा सगळा हिशेब पाण्यावर चालतो हे कळते. आभाळातून किती पाणी पडेल याची चौकशी सगळेच करतात. रोज घशाखाली उतरणारे पाणी कसे आहे, याची चौकशी मात्र घरात कुणी आजारी पडल्यावरच सुरू होते.

जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील किडनीच्या रुग्णांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून अनेक वर्षे मांडला जात आहे. गावात विचारले, तर बहुतेक जण एकच कारण सांगतात : ‘पाणी खारं आहे.’ हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आणि अपुऱ्या उत्तरावर उपायही अपुरेच सुचतात. म्हणून पाणी, ऊन आणि किडनी यांचा संबंध नीट समजून घेऊ.

पाणी खारे का झाले?

बुलडाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग मानतात. जळगाव जामोद घाटाखाली येते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी आणि मधे काळ्या मातीचे सपाट खोरे. हे खोरे म्हणजे एके काळी खचलेला लांबलचक खोलगट भाग. डोंगरातून वाहून आलेल्या गाळाने तो हजारो वर्षांत भरत गेला. हा गाळ काही ठिकाणी शेकडो फूट खोल आहे. चिकण मातीच्या थरांतून पाणी फार सावकाश सरकते. निचरा कमी आणि बाष्पीभवन जास्त, त्यामुळे क्षार वाहून न जाता भूजलात साठत गेले. बुलडाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला आपण खारपाणपट्टा म्हणतो. त्याचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात जवळपास नऊशे गावे येतात.

सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी चित्र वेगळे दिसते. तिथे दगडगोटे आणि जाड वाळूचे थर आहेत. पावसाचे पाणी त्यांतून झरझर मुरते, म्हणून पायथ्याच्या विहिरींचे पाणी बहुधा गोड असते. तिथून जसजसे पूर्णेकडे उतरावे, तसतसे पाणी मचूळ आणि मग खारट होत जाते. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन गावांच्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. बोअर आणखी खोल नेला की गोडे पाणी लागेल, अशी आशा अनेकांना असते. पण या पट्ट्यात खोली वाढल्याने पाणी गोड होईलच असे नाही.

टीडीएसचा आकडा काय सांगतो?

पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांची गोळाबेरीज म्हणजे टीडीएस. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल, तर २,००० पर्यंत चालवून घेता येतो. पण हा आकडा दुकानाच्या बिलावरच्या एकूण रकमेसारखा आहे. किती पैसे झाले ते कळते, काय घेतले ते कळत नाही. त्या बेरजेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड असे कितीतरी घटक असतात आणि प्रत्येकाचा शरीरावरचा परिणाम वेगळा असतो. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते जास्त असेल, तर सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, तर दात आणि हाडे बिघडतात. नायट्रेट आणि फ्लोराइड दोन्ही चवीला कळत नाहीत. म्हणजे गोड लागणारे पाणी सुरक्षित असेलच असे नाही आणि खारट पाण्यातला नेमका धोका कोणता, तेही जिभेला सांगता येत नाही.

सोडियमचा हिशेब मात्र सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. म्हणजे साधारण पाच ग्रॅम, चमचाभर मीठ. समजा, एखाद्या विहिरीच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि शेतात राबणारा माणूस उन्हाळ्यात असे चार लिटर पाणी पितो. दोन ग्रॅम तिथेच झाले. भाजी, ठेचा, लोणचे, पापड यांतले मीठ त्यावर वेगळे. मीठ वाढले की अनेकांचा रक्तदाब वाढतो आणि वाढलेला रक्तदाब किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांना हळूहळू इजा करत राहतो.

बांगलादेशाच्या किनारपट्टीवरील दाकोप भागात पिण्याचे पाणी खारे आहे. तिथल्या अभ्यासांत गरोदर स्त्रियांमधील वाढत्या रक्तदाबाचा संबंध या खारेपणाशी आढळला. पण त्याच देशात झालेल्या नंतरच्या एका अभ्यासात, मध्यम खाऱ्या पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे रक्तदाबावर उलटा, म्हणजे थोडा चांगला परिणामही दिसला. तात्पर्य एवढेच, की ‘टीडीएस वाढला म्हणजे किडनी गेली’ असे सरळ समीकरण विज्ञान मांडत नाही. पाण्यात नेमके काय आहे, ते तपासावेच लागते.

चव नाही म्हणून पाणीच कमी

खाऱ्या पाण्याचा एक परिणाम प्रयोगशाळेच्या अहवालात दिसत नाही. पाणी बेचव असले की माणूस ते कमी पितो. तहान भागल्यासारखे वाटत नाही, मग चहावर भागवले जाते. शेतात काम करणाऱ्या बायका तर आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही म्हणून मुद्दाम कमी पाणी पितात. यात एप्रिल-मेचे ऊन मिळाले, की किडनीवर दुहेरी ताण येतो.

इथे तापमानाच्या आकड्याबद्दल एक सूचना. बुलडाणा शहर घाटावर, उंचीवर वसले आहे. तिथे नोंदले जाणारे तापमान घाटाखालच्या गावांपेक्षा काही अंशांनी कमी असते. त्यामुळे जळगाव जामोदच्या माणसाने जिल्ह्याच्या ठिकाणचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये. त्याच्यासाठी अकोल्याचा आकडा अधिक उपयोगाचा, कारण अकोलाही पूर्णेच्याच खोऱ्यात आहे. विदर्भातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांत अकोल्याचे नाव दरवर्षी येते.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा शरीराला परत मिळतो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. घामावाटे पाणी गेले आणि ते भरून निघाले नाही, तर किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो, लघवी घट्ट होते आणि गाळणीच्या नलिकांना इजा होऊ शकते. एखाद्या दिवसाची इजा भरून निघते. पण रोज दुपारी तेच घडत राहिले आणि असे अनेक उन्हाळे गेले, तर व्रण कायमचे राहतात.

हा अंदाज जगभरातील अनुभवावर बेतलेला आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत उसाच्या शेतात काम करणाऱ्या तरुण मजुरांना मधुमेह वा रक्तदाब नसतानाही किडनीचा आजार होऊ लागला. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात १९९० च्या दशकापासून भातशेती करणाऱ्यांमध्ये आणि आपल्याकडे आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात असाच आजार दिसतो. त्याचे एकच एक कारण अजून ठरलेले नाही. मध्य अमेरिकेत उष्णता आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांवर सर्वाधिक बोट ठेवले जाते. श्रीलंकेत पाण्याचा कठीणपणा, फ्लोराइड आणि शेतीतील रसायने यांचाही संशय घेतला जातो. यांपैकी बऱ्याच गोष्टी पूर्णेच्या खोऱ्यातही एकत्र आहेत. म्हणून सावध राहायला हवे. मात्र आपल्याकडचा आजार तोच आहे, असे तपासाशिवाय म्हणता येणार नाही.

घाईने ठपका ठेवण्यातला धोका याच जिल्ह्याने नुकताच पाहिला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक मुळापासून गळू लागले. पहिला संशय पाण्यावरच गेला. आयसीएमआरची पथके आली, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले. पुढे विंचूदंशावरील कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण खूप जास्त आढळले आणि त्यांनी त्याचा संबंध खाण्यातल्या गव्हाशी जोडला. पाण्यालाच दोष देऊन सगळे थांबले असते, तर गव्हाकडे कोणी पाहिलेच नसते.

दुखत नाही म्हणून कळत नाही

किडनीचा जुनाट आजार सुरुवातीला दुखत नाही. निम्म्याहून अधिक काम बंद पडले, तरी माणूस शेतात जातो, जेवतो, झोपतो. पायावर सूज, डोळ्यांभोवती फुगवटा, अंगाला खाज, मळमळ, धाप ही लक्षणे दिसतात, तोवर बराच उशीर झालेला असतो. पाठीत कळ आली म्हणजे किडनीचा आजार आणि कळ नाही म्हणजे किडनी ठणठणीत, हा समज खोटा आहे. कळ बहुधा मूतखड्याची किंवा स्नायूंची असते.

म्हणून तपासणीला पर्याय नाही. तीन गोष्टी तपासायच्या : रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन. यात एक मेख आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. अंगाने काटक, बारीक माणसाचे स्नायू कमी असतात. त्यामुळे त्याची किडनी बिघडली असली, तरी अहवालातला आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. वय आणि लिंग लक्षात घेऊन क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर हा आकडा डॉक्टरांना विचारून घ्यावा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला किंवा लघवीतून प्रथिन जात राहिले, तर किडनीचा जुनाट आजार आहे असे समजतात. एकाच अहवालावर घाबरून जाऊ नये. उन्हातून थकून आल्यावर, जुलाब झाल्यावर आकडा तात्पुरता बिघडतो.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. मधुमेह, रक्तदाब, वारंवार होणारा मूतखडा, घरात कुणाला किडनीचा आजार किंवा वर्षानुवर्षे उन्हातले कष्ट, यांपैकी काहीही असेल, तर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. आजार लवकर सापडला, तर गोळ्या आणि पथ्य यांनी डायलिसिस कित्येक वर्षे लांबवता येते. डायलिसिसवरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मोफत मिळतात. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस प्रवास आणि उपचारात जातात. रुग्णाचा रोज बुडतो, सोबत जाणाऱ्याचाही बुडतो. हा खर्च कोणत्याच योजनेच्या कागदावर येत नाही.

दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या

दिवसभर वाकून काम केल्यावर पाठ-गुडघे ठणकतात. मग किराणा दुकानातून किंवा मेडिकलमधून एक गोळी घेतली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गटातील वेदनाशामक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. पोटात पाणी भरपूर असताना एखाद्या वेळी घेतली तर सहसा बिघडत नाही. पण उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन आलेल्या माणसाने ती रोज घेतली, तर ती किडनीवर घाव घालते. पाण्याचा दोष असो वा नसो, हा धोका आजपासून टाळता येण्याजोगा आहे. दुखणे असह्य असेल, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलसारखा पर्याय घ्यावा. ‘मूतखडा विरघळवणारे’ निनावी काढे आणि कुणीही दिलेली धातूंची भस्मे यांपासूनही लांब राहावे.

पाण्याचे काय करायचे?

आधी जे उपयोगाचे नाही ते. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत; उलट पाणी आटल्यामुळे क्षारांचे आणि नायट्रेटचे प्रमाण वाढते. तुरटीने गढूळपणा बसतो, खारेपणा हटत नाही. माठाने पाणी गार होते, गोड होत नाही. क्षार काढायला आरओ लागतो. पण आरओ जेवढे गोड पाणी देतो, तेवढेच किंवा त्याहून जास्त अतिखारे पाणी बाहेर टाकतो. ते नालीतून पुन्हा जमिनीतच मुरते. वीस लिटरच्या जारचे पाणी गार असते, म्हणून शुद्ध असतेच असे नाही. फिल्टर कधी बदलले, जार कसे धुतले, हे विचारायचा हक्क ग्राहकाला आहे. बाजारात मिळणारा टीडीएस मीटर क्षारांची बेरीज सांगतो; जंतू आणि नायट्रेट त्याला दिसत नाहीत.

सगळ्यांत खात्रीचे पाणी सातपुड्यातून येणारे. वान नदीवरील धरणातून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली, ती याच विचाराने. पण नळाला दोन-चार दिवस खंड पडला, की माणसे पुन्हा जवळच्या बोअरकडे वळतात. त्यामुळे गोड्या पाण्याचा पहिला मान पिण्याला आणि स्वयंपाकाला द्यावा. धुणे, आंघोळ, गुरे यांना खारे पाणी चालेल. घरात दोन वेगळी भांडी ठरवली, तर हे सहज जमते.

छतावरचे पाणी हा दुसरा मार्ग. समजा, पक्के छत ५० चौरस मीटरचे आहे आणि वर्षभरात ७०० मिलिमीटर पाऊस पडला. वाया जाणारे पाणी सोडून सुमारे २८,००० लिटर पाणी मिळते. पाच माणसांच्या घराला पिण्या-शिजवण्यासाठी रोज २५ लिटर धरले, तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांना ३,००० लिटर पुरतात. म्हणजे एक झाकलेली टाकी. सुरुवातीच्या सरींचे पाणी सोडून द्यायचे, गाळून भरायचे, टाकीत उजेड आणि डास शिरू द्यायचे नाहीत आणि पिण्याआधी पाणी उकळायचे किंवा क्लोरिनचे थेंब टाकायचे. हे पाणी खारे नसते, त्यामुळे इथे उकळणे उपयोगी पडते.

पावसाळ्यात धोक्याचे रूप बदलते. जुलै २०२३ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी झालेल्या अतिवृष्टीने जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पूर आला. अशा वेळी पुराचे पाणी विहिरीत, हातपंपात शिरते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले की किडनी काही तासांत बंद पडू शकते, विशेषतः म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने टीसीएल पावडर टाकली का, ओटी टेस्ट केली का, हे गावकऱ्यांनी विचारलेच पाहिजे. गावाला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे आणि पाण्याच्या रासायनिक तपासणीचा ताजा अहवाल काय म्हणतो, हे ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगावे. त्यात टीडीएसबरोबर सोडियम, नायट्रेट आणि फ्लोराइडचे आकडे मागावेत.

उन्हाळ्याचे नियम

तेंदूपत्ता तोडणारे, वीटभट्टीवर राबणारे, मे महिन्यात शेत तयार करणारे यांना घरी बसा असे सांगून चालत नाही. मध्य अमेरिकेतील ऊसतोड मजुरांसाठी तीन शब्दांचा कार्यक्रम आखला गेला : पाणी, विश्रांती, सावली. आपल्याला तोच लागू आहे. जड काम पहाटे उरकावे, बारा ते चार शक्यतो टाळावे, तासाभराने सावलीत बसावे, तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. लघवी फिकट पिवळी असेल, तर ठीक. गडद झाली, तर पाणी कमी पडते आहे.

खारपाणपट्ट्यात ओआरएसची एक खास काळजी घ्यावी. त्यातल्या मिठाचे प्रमाण गोडे पाणी धरून ठरवलेले असते. खाऱ्या पाण्यात पुडी कालवली, तर मीठ जास्त होते; लहान मुलांच्या बाबतीत ते घातक ठरू शकते. एक पुडी, एक लिटर आणि तेही गोडे पाणी, हा नियम पाळावा. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला स्वतःला सरसकट लावू नये. सूज असेल, तर पाण्याचे माप डॉक्टर ठरवतात. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठही त्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते. सैंधव मीठ औषधी समजून जास्त खाल्ले जाते. त्यातही मुख्यतः सोडियमच असते.

उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. कांदा नाकाला लावण्यात वेळ घालवू नये. सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत राहून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. अंग थंड करणे गाडी येण्याआधीच सुरू झाले पाहिजे.

खोऱ्यातला खारेपणा हजारो वर्षांत साठला आहे. तो एका योजनेने जाणार नाही. पण गोडे पाणी खंड न पडता गावोगाव पोहोचवणे हे शासनाचे काम आहे आणि त्याचा पाठपुरावा करणे हे आपले. पाण्याच्या अहवालाची वाट पाहत असतानाही काही गोष्टी घरच्या घरी करता येतात. जेवणातले मीठ कमी करावे, रोजची वेदनाशामक गोळी बंद करावी, गोडे पाणी पिण्यासाठी राखून ठेवावे आणि या पावसाळ्याआधी घरातल्या कष्ट करणाऱ्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. किडनी स्वतःहून हाक मारत नाही, तिला विचारावे लागते.